मेव्हण्याच्या कपाटातली ढाल

माझ्या मेव्हण्याला गाण्यातलं काही कळत नाही. तरी परभणीतल्या त्याच्या बैठकीत काचेची दोन कपाटं आहेत आणि त्यांत जुन्या गायकांच्या ढाली, चषक, मानपत्रं, तबकड्या खच्चून भरल्या आहेत. तबकड्या तो कधी वाजवत नाही. वाजवल्या की झिजतात, म्हणतो. पाहुण्याला चहाच्या आधी कपाट दाखवतो आणि 'हे काय गायचे?' असं कुणी विचारलं की विषय बदलतो.

मागच्या वर्षी तो मला घेऊन ताडकळसला गेला. तिथल्या एका भीमगीतं गाणाऱ्यानं तरुणपणी कव्वालीच्या सामन्यात जिंकलेली ढाल त्याला हवी होती. गायक वारला, असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. दार एका म्हाताऱ्यानं उघडलं.

"बाबांना जाऊन किती वर्षं झाली?" मेव्हण्यानं तोंड पाडून विचारलं.

"कोन बाबा? मीच हाय की!"

मला हसू आवरेना. मेव्हणा मात्र जराही ओशाळला नाही. म्हाताऱ्यानं हौसेनं पेटी पुढं ओढली. आवाज फाटलेला होता, पण मुखडा त्यानं असा उचलला की माझ्या हातातला चहा गार झाला. तोवर मेव्हणा खुर्चीवर चढून भिंतीवरच्या ढालीची धूळ झटकत होता. "परभणीत लोक बघतील, तुमचं नाव होईल," तो म्हणाला. म्हाताऱ्यानं भोळेपणानं ढाल दिली.

दिवाळीनंतर मेव्हण्यानं घरीच प्रदर्शन मांडलं. म्हाताऱ्याला बोलावलं नव्हतंच. मीच फोन केला. तो कडक इस्त्रीच्या सदऱ्यात आला, कपाटापुढं थांबला. ढालीखाली छापलं होतं, 'दिवंगत लोकगायक'.

"जित्या मानसाला का मारायलाव?" त्यानं विचारलं.

मेव्हणा माझ्या कानाशी लागला. "दाजी, हयात माणसाच्या वस्तूला मोल नसतं. आज ना उद्या खरंच होणार की ते."

इतका हलका माणूस मी पाहिला नव्हता.

"माजी ढाल वापस द्या," म्हातारा म्हणाला.

"दिलेली वस्तू संग्रहाची झाली आता."

मी कपाट उघडून ढाल काढली. "काचेला बोटं लावू नका!" मेव्हणा ओरडला. त्याला तेवढंच सुचलं. मी म्हाताऱ्याला ढालीसकट ऑटोत बसवून स्टँडवर सोडून आलो.

मेव्हणा आता माझ्याशी बोलत नाही. समजूत काढा म्हणून बायको मागं लागली आहे. मी जाणार नाही. त्या कपाटातले आणखी किती जण जिवंत आहेत, हे त्यानं अजून कुणाला विचारलेलं नाही.