युनियनचं जाकीट

माझ्या सासूबाई सिनेमांचे कपडे सांभाळतात, मी त्यांच्या हाताखाली. काम काय करता असं कोणी विचारलं तर त्या म्हणतात, "बटणं लावते आणि डोकं फिरवून घेते."

यंदाच्या सिनेमात पाच हॅकर सत्ताधारी पक्षाच्या कचेरीत घुसून गुप्त फायली पळवतात. गोळीबार, पाठलाग, सगळं यथासांग. निर्मात्याची अट एकच, कुठलाही पक्ष दुखावता कामा नये. मग सुरू झाली रंगांची कटकट. लाल संपवाल्यांचा, निळा सरकारचा, हिरवा विरोधकांचा. पिवळा कोणाचाच नव्हता, तर निर्माता म्हणे, "उद्या कोणी घेतला म्हणजे?" शेवटी पाचही जण राखाडी.

"चोर आहेत की सिमेंटच्या गोण्या?" सासूबाई वैतागल्या.

रंग मिळाला एकालाच. कचेरीतला वायरमन टोळीला पासवर्ड विकतो, त्याला दिग्दर्शकाने युनियनचं लाल कॉलरचं जाकीट ठरवलं. युनियनचं जाकीट लागणार एवढंच कळलं होतं, तेव्हाच सासूबाईंनी ते घरून आणून ठेवलं होतं. सासऱ्यांचं. सासरे टेलिफोन खात्यात वायरमन होते, संपापायी दोनदा निलंबित झालेले. आपलं जाकीट पडद्यावर येणार म्हणून त्यांनी जुन्या सोबत्यांना केव्हाच आवतण दिलं होतं. ते फितुराच्या अंगावर चढणार, हे आम्हाला शूटिंगच्या आदल्या दिवशी कळलं.

"युनियनवाले नाही का दुखावणार?" सासूबाईंनी विचारलं.

"त्यांना कोण विचारतंय, मावशी?" दिग्दर्शक म्हणाला.

माझं डोकं सणकलं. सासूबाई मात्र जाकिटाची बटणं तपासू लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळचा पहिला शॉट लिफ्टमनचा होता. तो टोळीला दार उघडू देत नाही आणि मार खातो. शॉट सहायक दिग्दर्शकाकडे होता, दिग्दर्शक अजून यायचा होता. सासूबाईंनी जाकीट लिफ्टमनला चढवलं. एकदा एकाच्या अंगावर शूट झालेला कपडा दुसऱ्याला देता येत नाही, शिवाय झटापटीत त्याचा खिसाही फाटला. दुपारी दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला, तणतणला, आणि फितूर राखाडी स्वेटरमध्ये उभा राहिला.

सिनेमा बघून सासरे घरी आले ते धुसफुसतच.

"चार सेकंद! तेही पहिल्याच ठोशाला आडवा. सोबत्यांना काय तोंड दाखवू? एवढी वर्षं तिथे राबतेस, आमच्या माणसाला एखादं बरं काम नाही मिळवून देता आलं?"

मी तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी डोळे वटारले. परत आलेलं जाकीट त्यांनी मांडीवर घेतलं.

"मार खाल्ला," त्या म्हणाल्या, "पण फितूर तर नाही ना झाला?"

"फितूर?" सासरे खरोखरच चकित झाले. "आमच्या माणसाला फितूर कोण दाखवेल?"

सासूबाईंनी सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिला आणि फाटका खिसा हाताने सपाट करत बसल्या.