घराची पिवळी बाजू

एव्हलिन फेडोरचक मूर्ख नव्हती. आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तसं वाटेल. चौतीस वर्षं तिने ड्रेस फॅक्टरीत कॉलरी शिवल्या. उजवी बाजू डावीशी सूतभर जरी जुळली नाही तरी उसवायची. अशा बाईच्या नशिबी अर्धं घर यायला नको होतं.

आमच्या गावात घरं जोडीची. कोळशाच्या कंपनीने खाणकामगारांसाठी बांधली तेव्हा एका छपराखाली दोन बिऱ्हाडं, मध्ये एक भिंत आणि पुढे एकच ओटा. कंपनी गेली, अर्धी अर्धी घरं विकली गेली आणि ज्याने त्याने आपल्या अर्ध्याला मनाला येईल तो रंग दिला. डावीकडे हिरवं, उजवीकडे पांढरं. ओट्याच्या मधल्या खांबालासुद्धा दोन रंग. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. एव्हलिनला वाटायचं. तिच्या आईने मरताना उजवी बाजू तिला दिली, डावी तिच्या धाकट्या भावाला, मायरॉनला, आणि म्हणाली, "दोघं मिळून घराचं तोंड एक ठेवा." त्या आईचं एकोणीस वर्षं सगळं एकट्या एव्हलिनने केलं होतं.

बाहेरच्या भिंतींच्या लाकडी फळ्या कुजल्या तेव्हा ती सत्तरीला टेकली होती. त्यांच्या जागी व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पट्ट्या बसवायचं ठरलं. तिने आधी जाऊन भावाचं दार वाजवलं. भावजय आली, लॉरेन.

"तुम्ही कुठल्या लावणार?"

"तूच निवड ना एव्ही. तुझी नजर शिवणाची. आम्ही तेच लावू. काय रे मायरॉन?"

मायरॉन आतून "हं" म्हणाला. जन्मभर तो तेवढंच म्हणत आला.

मग निवड सुरू झाली. चेस्टर नावाचा कारागीर नमुन्यांची पेटी देऊन गेला आणि एव्हलिनने ते तुकडे ओट्याच्या कठड्याला टांगले. उन्हात पाहिले, पावसात पाहिले, बर्फात पाहिले. गुरुवारी चर्चच्या तळघरात आम्ही बायका विकायला पिरोगी वळतो, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, आंबट सायीबरोबर खायच्या; तिथेही ती तुकडे घेऊन यायची.

"साधी पट्टी बरी की डच?" डच म्हणजे वरच्या अंगाला आडवी खोबण असते, तिच्यात सावली धरते आणि लांबून खरी फळी वाटते.

"एव्ही, नवरा निवडतानाही असाच घोळ घातलास, म्हणून राहिलीस," लॉरेन टेबलाच्या टोकावरून म्हणाली आणि आम्हाला डोळा मारला.

सगळ्या हसल्या. मीही हसले. एव्हलिन पिरोगीची कड चिमटीत दाबत राहिली.

मे महिन्यात ठरलं. डच, अरुंद, लोण्यासारखा पिवळा. तिच्या वडलांनी लावलेल्या रंगाच्या जवळचा. चेस्टर म्हणाला, एका खेपेची छटा पुढच्या खेपेशी जुळत नाही. म्हणून तिने भावाच्या दर्शनी बाजूचाही माल एकदमच मागवला.

"त्याच्याकडून लिहून घे," मी म्हटलं.

"सख्ख्या भावाकडून? ओल्गा, कॉलेजात जाऊन हेच शिकलीस का गं?"

पुढची चूक मात्र फक्त आमच्या गावात होऊ शकते. मध्यरेषेवर सगळे एक उभी पट्टी मारून आपली बाजू बंद करतात. एव्हलिनने ती मारू दिली नाही. पट्ट्या हातभर पलीकडे न्यायला लावल्या, म्हणजे भावाच्या पट्ट्या त्यात गुंतून जोड दिसायची नाही.

दोन आठवड्यांनी लॉरेनकडे दुसरेच कारागीर आले. उभ्या रुंद पट्ट्या, ओल्या पाटीच्या रंगाच्या. मायरॉनने करवत आणली आणि पलीकडे गेलेला हातभर पिवळा कापायला लागला. एव्हलिन ओट्यावर उभी होती.

"मायरॉन, अरे, आई काय म्हणाली होती?"

तो कापत राहिला. उत्तर लॉरेनने दिलं. "आई तुझ्या बाजूला मेली. तिचं तोंड तूच सांभाळ."

चेस्टर म्हणाला, कापलेली कड बंद करून देतो. ती नको म्हणाली. बंद केलं म्हणजे मान्य केलं, असं तिचं गणित. व्हिनाइलची पट्टी घट्ट ठोकत नाहीत, उन्हात फुगायला जागा लागते म्हणून ती खिळ्यांवर नुसती लोंबती असते. कड उघडी राहिली की वारा आत शिरतो. सबंध हिवाळा त्या पट्ट्या तिच्या उशाशी टकटक करत राहिल्या. फेब्रुवारीत एक सुटायला आली, तेव्हा ती बर्फावर खुर्ची ठेवून चढली. खुबा मोडला. लॉरेन खिडकीत होती. अँब्युलन्स मी बोलावली.

वृद्धाश्रमात जाण्याआधी तिने आपलं अर्धं घर मायरॉनच्या नावे करून दिलं. दुसरं होतं कोण? उन्हाळा यायच्या आत तिच्या पिवळ्या पट्ट्या उतरवल्या गेल्या. भावासाठी मागवलेला माल तिच्या तळघरात न उघडलेल्या पेट्यांत पडून होता, त्यातून लॉरेनने कुत्र्याचं घर मढवून घेतलं.

मी पिरोगी घेऊन तिला भेटायला गेले.

"घर कसं आहे?" तिने विचारलं.

धीर द्यायला खोटं बोलणं मला जमत नाही. "सगळं एकसारखं केलंय. उभ्या पट्ट्या. लॉरेनचा रंग."

"आणि माझ्या पेट्या?"

"कुत्र्याच्या घराला."

तिने काट्याने एका पिरोगीचे दोन तुकडे केले. नंतर त्या तुकड्यांचे दोन.

"मध्ये जोड दिसते?"

"नाही."

"जवळून?"

"हात फिरवून पाहिला मी. कळत नाही."

"मग चेस्टरचं काम असणार," ती म्हणाली. "आंबट साय विसरलीस ना?"