इंग्लंडहून पालीला आणलेला डिस्ट्रिब्यूटर

शिमग्यात कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आप्पांच्या पोटातली गाठ लवकर काढा. आमच्या घरी मात्र आधी ग्रामदेवतेला कौल लावला. गुरव म्हणाला, जुना नवस राहिलाय. आप्पांना तो लगेच आठवला. लढाईतला मिलिटरी ट्रक त्यांनी लिलावात घेतला होता, चिरे वाहायला. तो हेदवीच्या गणपतीच्या दारात नेईन, असं बोलले होते. नेणं राहिलं आणि ट्रक बंद पडला तो पडलाच.

"मेल्या, आधी ट्रक त्याच्या दारात, मग करा कापाकापी," आप्पा म्हणाले. मी भांडलो, आईने हात जोडले. ऐकतील तर आप्पा कसले!

ट्रकचा डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे इंजिनाला ठिणगी वाटून देणारा भाग, मोडला होता. मुंबईच्या भंगारबाजारात मिळाला नाही. सुदैव म्हणा की दुर्दैव, कंपनी मला जुलैत ट्रेनिंगला इंग्लंडला पाठवणार होती. तिथे जुन्या मिलिटरी गाड्यांची जत्रा भरते. म्हणजे चार महिने थांबायचं. आप्पा खुशाल थांबले.

अशा जत्रेला कुणी जाणार असाल तर गमबूट न्या आणि उजाडताच पोचा, चांगला माल न्याहारीच्या आत संपतो. चिखलात ताडपत्र्या, त्यावर नुसतं लोखंड. खायला उकडलेला बटाटा, तोही अळणी. एका म्हाताऱ्याकडे हवा तो डिस्ट्रिब्यूटर निघाला. तो पुसत त्याने विचारलं, "चालवणारा आहे ना अजून?"

"आहे," मी म्हटलं. पैसे मोजून दिले.

विमानात डिस्ट्रिब्यूटर स्वेटरमध्ये गुंडाळून मांडीवर घेतला. मुंबईत कस्टमवाल्याने उलटसुलट करून पाहिला.

"हे काय?"

"जुन्या ट्रकचा भाग आहे, साहेब. वडील आजारी आहेत."

"मग औषध आणायचं," तो म्हणाला आणि सोडलं.

आप्पा निम्मे झाले होते. तरी मेकॅनिकच्या डोक्यावर बसून त्यांनी इंजिन चालू करून घेतलं. आमच्या पाली गावाहून हातखंबा, संगमेश्वर, चिपळूण, गुहागर असा रस्ता, सगळा खड्ड्यांचा, वर पाऊस. चालवायला मी, शेजारी आप्पा; प्रत्येक खड्ड्याला ते पोट दाबून धरत. संगमेश्वरला मी उसळपाव खाल्ला, त्यांना चहासुद्धा उतरला नाही.

हेदवीत पुजाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. "एवढ्यासाठी थांबलात? एक नारळ पाठवला असतात तरी पोचला असता हो."

आप्पा ट्रकात जाऊन बसले. परतताना चिपळूणच्या अलीकडे म्हणाले, "भटाला काय कळतंय ट्रकातलं."

कोल्हापुरात डॉक्टरांनी पोट उघडलं, बघितलं आणि तसंच शिवलं. गणपतीत आमच्याकडे आरती झाली नाही, सुतक होतं.

मला लोक विचारतात, एवढ्या लांबून आणलेला भाग टिकला का? टिकला. ट्रक घरामागे मांगराच्या छपराखाली उभा आहे. सेल्फ मारला की अजून पहिल्या झटक्यात सुरू होतो, आणि दर वेळी मला त्याचा रागच येतो.