मर्व्हने डिस्क घरी नेली

मर्व्ह टुलॉक आमच्या मटनबर्ड पॉइंटच्या बोल्स क्लबचा, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या क्लबचा, कॉम्प्युटर सांभाळतो. निवृत्तीआधी तो फेरीबोटीची इंजिनं सांभाळायचा. मशीनने आपल्याशिवाय कुणाचं ऐकू नये, ही समजूत त्याने तिथूनच आणली. क्लबच्या कॉम्प्युटरमध्ये त्याने स्वतःची डिस्क घातली, तिच्यावर लिनक्स. पुढे अध्यक्ष ग्लेनिसला गुणांच्या प्रोग्रॅमसाठी विंडोज हवं झालं, म्हणून क्लबने दुसरी डिस्क घेतली. तीही मर्व्हनेच बसवली.

"दोन डिस्क, दोन संसार," तो दर सभेत सांगायचा. "एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही."

कॉम्प्युटर चालू केला की कोणता संसार हवा ते विचारायचा. लगेच उत्तर दिलं नाही, तर लिनक्स. ग्लेनिस तेवढ्यात किटली लावायला जायची आणि परत येऊन बघते तर मर्व्हचा संसार.

"हा माणूस माझ्या चहावर टपून असतो," ती म्हणायची.

शुक्रवारच्या सभेत विंडोज आधी यावं असा ठराव बहुमताने झाला. मर्व्ह उठला, स्क्रूड्रायव्हरने आपली डिस्क सोडवली, खिशात घातली आणि राजीनामा देऊन गेला. चहासोबतच्या लॅमिंग्टन केकला हातही लावला नाही, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे सगळ्यांना कळलं.

शनिवारी संध्याकाळपर्यंत माझ्या मुलीचा, कीलीचा, अर्ज जायचा होता. राज्याच्या कुमार संघाची निवड, आणि सोबत हंगामभराचे गुण हवेत. ग्लेनिसने बटण दाबलं. पडदा काळा. सुरू करण्याजोगं काही सापडत नाही, एवढंच त्यावर आलं.

"माझी डिस्क तर आतच आहे गं," ग्लेनिस म्हणाली. "गुणही तिच्यावरच आहेत."

मी गाडी काढली. वाटेत मला कीली आधी संघाबाहेर दिसली, मग शाळेबाहेर, मग मेलबर्नमधल्या कुठल्यातरी दुकानात चिप्स तळताना.

मर्व्ह घरी खिमा भरलेला मीट-पाय खात बसला होता. डिस्क सॉसच्या बाटलीशेजारी, विणलेल्या रुमालावर.

"त्यांचं विंडोज त्यांच्या डिस्कवर आहे. माझा काय संबंध?"

"मग चालू का होत नाही?"

"हे बघ, दोन डिस्क, दोन..." तो मध्येच थांबला.

"बोल की पुढे," त्याची बायको बेरिल म्हणाली. "मला तर रोज ऐकवतोस."

"सुरू करणाऱ्या फाइली," तो हळूच म्हणाला. "विंडोजच्याही माझ्याच डिस्कवर गेल्या असणार. ते बसवताना माझी काढून ठेवायला हवी होती."

"म्हणजे संसार दोन, चूल एक," बेरिल म्हणाली.

"ग्लेनिसला सांगू नकोस, जॅनेट."

"तू डिस्क लाव. मी मुकी."

त्याने क्लबात येऊन ती लावली. विंडोज उघडलं, अर्ज गेला. मी पाणी प्यायले.

"राजीनाम्याचं काय?" ग्लेनिसने विचारलं.

"घरी धूळ बसते हिच्यावर," मर्व्ह म्हणाला.

ती आत गेल्यावर मी त्याला म्हटलं, "आता त्या फाइली तिच्या डिस्कवरही टाकून दे ना."

"थोडंसंच काम आहे ते."

"मग टाक."

ग्लेनिस बशीत लॅमिंग्टन घेऊन बाहेर येत होती, त्याच्यासाठी, स्वतःच्या हाताने. मर्व्हने स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. "बघू. घाई कसली."

मी कीलीचे गुण दोन पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. एक माझ्या पर्समध्ये आहे, दुसरा होबार्टला बहिणीकडे.

पुढच्या सभेत ठराव मागे घेतला गेला. खरं कारण कुणाला ठाऊक नाही, पण मर्व्हला दुखावलं की कॉम्प्युटर बंद पडतो, एवढं सगळ्यांना पटलंय. ग्लेनिस आता किटली आधी लावते.