लहान फाटकाचं कुलूप

हे मी एक घर सोडून कुठेच बोललेलो नाही. बायकोशीही नाही. एक कुलूप मी लावलं आणि ते नव्हतंच, असं गावाला सांगितलं.

कापसाची ती वाईट वर्षं. बोरी अरबच्या पुढे, आमच्या गावातली जिनिंग—कापसातून सरकी काढायची गिरणी—बंद पडली, तरणी माणसं सुरतेला गेली. जिनिंगच्या आवारात कडुनिंबाखाली बसणाऱ्या म्हाताऱ्यांना जागा उरली नाही, म्हणून त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीने बाग करायचं ठरवलं. मी तिथला कारकून. नकाशा माझा. बाकांना पाठ, उठताना धरायला हात, सपाट पायवाट. मोठ्या फाटकात जमिनीवर फटी ठेवून लोखंडी पाइप बसवले—गुरं शिरू नयेत म्हणून. म्हाताऱ्यांसाठी बाजूला लहान, सपाट फाटक.

त्यातून मोटरसायकली शिरू लागल्या. मी कुलूप घातलं. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात.

नामदेवकाका रोज कार्यालयात येत. जिनिंगमध्ये तीस वर्षं मापारी. त्यांनी सांगितलेलं वजन कोणी पुन्हा पाहत नसे. आता मुलगा सुरतेला, सून दिवसभर वावरात—बोलायला बागच.

"बाबू, ढोरायले आडवता का आमाले? त्या पायपात काठी फसते न."

मी हसून म्हणायचो, उद्या उघडतो. किती उद्या गेले? काय लागत होतं—एक खण उघडायला?

एका सकाळी काठी फटीत गेली. काका पडले, खुबा मोडला. लोक त्यांना ऑटोत घालत होते, तेव्हा मी मागून जाऊन कुलूप काढलं आणि खिशात टाकलं. ग्रामसेवक साहेबांनी विचारलं, तर म्हणालो, "उघडंच रायते ते. काकायच्या ध्यानात आलं नसन."

सगळ्यांना पटलं; बाकी लोक मोठ्या फाटकातूनच जात, लहान फाटकाकडे कोणाचं लक्ष नसे. "बुढा सटकला," चहाच्या टपरीवर कोणी म्हणालं. मीही तिथेच चहा पीत होतो.

पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे. मी केळी घेऊन त्यांना पाहायला गेलो. ते खाटेवरून हळूच म्हणाले, "काहून रे बाबू, उघडं होतं म्हणतेत. मले तं रोज कुलूप दिसे. डोये गेले का डोस्कं गेलं माहं?"

मी केळं सोलून त्यांच्या हातात दिलं. म्हणालो, "होते असं, काका, या वयात."

साहेबांशी खोटं बोललो ते भीतीने. हे कशाने बोललो?

त्यानंतर काकांनी स्वतःचं सांगणं सोडलं. सुनेने जेवलात का विचारलं, तर म्हणायचे, "तुले मालूम असन." वॉकर धरून दारापर्यंत यायचे, तिथूनच परत फिरायचे. बागेत त्यांच्या बाकावर संध्याकाळी मी बसू लागलो. शेजारी कोणी बसलं की उठायचो.

दोन वर्षं.

मग एका दुपारी गेलो आणि कुलूप त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते जरा वरखाली केलं. जुनी सवय. "पावभर हाय," म्हणाले.

"काका, तुमचे डोये बराबर होते. डोस्कंही. कुलूप होतं. मीच लावलं, मीच काढलं. तुमाले खोटं पाडलं. चूक माही आहे."

त्यांनी कुलूप मुठीत घेतलं. मग आत हाक मारली, "सुमन, इकडं ये." सून पदराला हात पुसत दारात आली.

"बाबू, आता हिच्यासमोर सांग."

मी पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून.