आईचा रॅम्प

लखनऊत महानगर नावाच्या वस्तीतल्या आमच्या घरात पूर्वी पायऱ्या चढून जावं लागायचं. आता रस्त्यावरून खाली फाटकात उतरावं लागतं. घर खचलेलं नाही, रस्ता वाढलाय. दर वेळी जुना थर न खरवडता त्यावर नवा ओततात. मग नाली राहिल्याचं आठवतं, की नवाकोरा रस्ता फोडतात. टाइल्स बसवल्या, पाइपसाठी उखडल्या, पुन्हा बसवल्या, त्या आता पाऊल टाकलं की डुगडुगतात. वर नक्षीदार दिव्यांचे खांब. त्यातला एकही अजून लागलेला नाही. आपलाच पैसा असा नालीत जाताना बघून माझं डोकं फिरतं.

तरी मी चरफडत गप्प बसले असते. पण घरात आई आहे. मांडीचं हाड मोडल्यापासून ती व्हीलचेअरवर असते, आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या सब्जीवाल्या भैयाशी हुज्जत घालणं एवढंच तिचं बाहेरचं जग. रस्ता उंच झाला आणि तिची खुर्ची फाटकातच अडकली. मी अर्ज केले, कचेरीत खेटे घातले. शेवटी गवंडी बोलावून फाटकापासून रस्त्यावर चढणारा सिमेंटचा छोटा रॅम्प स्वतःच करून घेतला.

मग गल्लीचं सौंदर्यीकरण आलं. रस्ते खात्यातले एक साहेब घण घेतलेली माणसं घेऊन दारात उभे.

"मैडम, ये अतिक्रमण है। हटेगा।"

"पहले अपनी सड़क नीचे कीजिए, फिर हटाइए," मी म्हणाले.

"सड़क तो पास होकर बनी है।"

आई व्हरांड्यातून ऐकत होती. "मला तिथे ने," ती म्हणाली, "आणि ब्रेक लाव."

मी तिला रॅम्पच्या मधोमध नेलं आणि ब्रेक लावला. साहेबांनी हात जोडले. "माताजी, हम आप लोगों की सुविधा के लिए पूरी चेष्टा कर रहे हैं।"

चेष्टा म्हणजे त्यांच्या हिंदीत प्रयत्न. आईच्या मराठीत थट्टा. इतकी वर्षं इथे काढून तिचं हिंदी चांगलं झालंय, पण राग आला की तिचे कान मराठी होतात.

"चेष्टा? मेरी चेष्टा करते हो?"

"जी माताजी, आगे भी करते रहेंगे।"

"और मुँह पे बोलते हो! सालों से यही तो कर रहे हो! सड़क की चेष्टा, नाली की चेष्टा, अब मुझ बुढ़िया की चेष्टा! शरम नहीं आती?"

साहेब गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. शेजारी फाटकांपाशी जमले. मला दोन्ही अर्थ ठाऊक होते. एका वाक्यात मी सगळं मिटवू शकले असते. मुळीच मिटवलं नाही. त्या खात्यातलं कोणीतरी पहिल्यांदाच खरं बोललं होतं, मी कशाला दुरुस्त करू?

घण खांद्यावर टाकून माणसं मागे सरली. "फिर आएँगे," असं मला बजावून साहेब गाडीत बसले.

मी ब्रेक काढायला वाकले, तर आईने माझं मनगट धरलं.

"खरंच परत आले तर गं?"

"तर मी तुझ्यापुढे बसेन."

"पुढे नको, शेजारी बस," आई म्हणाली. "मला त्याचं तोंड दिसलं पाहिजे."