जास्तीचं तेल

ती गाडी पोर्चमध्ये उभी असली की मला घरात बसवत नाही. चहाचा कप घेऊन बाहेर जातो, वाकून इंजिनखाली बघतो, एखादा नट उगाच आवळून पाहतो, आत येतो, पेपर उघडतो आणि पुन्हा बाहेर जातो. बायको विचारते, "तुमाले मुंग्या लागल्या काय?" तिचं खरं आहे. यंदा उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत मी एका जागी शांतपणे बसलोय असा दिवस मला आठवत नाही.

गाडी म्हणजे जुनी मोटरसायकल, साडेतीनशे सीसीची, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक. ती माझ्या एकट्याची नाही. माझ्या मोठ्या ताईचे यजमान अकोल्याला असतात. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवे म्हणतात. त्यांनी आणि मी मिळून ती बारा वर्षांपूर्वी घेतली. लांब फिरायचं वेड दोघांनाही होतं. मागे लोखंडी कॅरिअर बसवला, बाजूंना पिशव्या अडकवायची सोय केली, आणि दोन घरांत एक गाडी कशी वापरायची ते ताईनं ठरवून दिलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी अमरावतीला येते, तेव्हा दोघांनी गाडीवर यायचं, गाडी इथं सोडायची आणि बसनं परत जायचं. भाऊबीजेला मी गाडी अकोल्याला न्यायची आणि रेल्वेनं बडनेऱ्याला उतरायचं. म्हणजे ऊन आणि चिखल माझ्या वाट्याला, थंडीतले सोन्यासारखे दिवस त्यांच्या. ते दोघं लोणार, चिखलदरा, पार ओंकारेश्वरपर्यंत जाऊन आले. मी आपला ऑफिस आणि भाजीबाजार. तरी मी कुरकुर केली नाही, कारण वाटणी करणारी ताई होती.

गाडी एकमेकांच्या हवाली करतानाचा आमचा एक शिरस्ता होता. शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत करत नाही, चमचाभर साखर तरी घालतोच. गाडीचंही तेच. पेट्रोलची टाकी गळ्यापर्यंत भरायची, टायरांत हवा मारायची, आणि निघायच्या सकाळी इंजिनातली तेलाची पट्टी काढून बघायची. तेल कमी दिसलं की ओतायचं, आणि वर अजून थोडं, हात आखडता न घेता. पंगतीत वाढणारा कधी 'पुरे' म्हटल्यावर थांबलाय का? थोडंफार तेल ती दरवर्षी गाळायचीच, पण जुनी गाडी म्हटल्यावर तेवढं चालायचं.

यंदा आखाजीच्या दोन दिवस आधी ताई आणि भाटवे आले. दोन दिवस गाडी जागची हलली नाही. सणाच्या दिवशी सकाळी मी सवयीनं पट्टी काढली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. माझं डोकंच सरकलं. उन्हाळ्यात एवढ्या लांबून बिनतेलाची गाडी आणायची म्हणजे काय? मी बडबडत पाऊण लिटर तेल ओतलं, गाडीवर एक चक्कर मारून आलो आणि पोर्चमध्ये लावली. थोड्या वेळानं बाहेर पाहतो तर नव्याकोऱ्या टाइल्सवर काळं थारोळं.

आत पंगत बसली होती. काका-काकू, चुलतभाऊ, बायकोच्या माहेरची माणसं, सगळे आमरस-पोळीवर. भाटव्यांच्या हातात घास होता आणि ताई रस वाढत होती. मी तेलकट हातांनी तसाच दारात उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "भाटवे, बिनतेलाची गाडी आनली तुमी, आन इंजिनबी फोडून आनलं. तुमाले गाडी समजतच नाही, तं ठेवता काहून?"

भाटव्यांनी वाटीतला रस संपवला, उठून हात धुतले. ते चार दिवस राहणार होते. त्याच दुपारी दोघं बस पकडून गेले. ताईनं जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्यानंतर तिचे फोन कमी झाले. आधी रोज फोन यायचा, भाजी कोणती केली इथपासून सगळं विचारायची. आता आठवड्यातून एकदा, "बरे हाय ना सारे? ठेवतो मंग." राखी पोस्टानं आली. अमरावती ते अकोला गाडीवर दोन-अडीच तास, आणि राखी पोस्टानं! पोळ्याच्या सुमारास तिनं फोनवर सांगितलं, "हे म्हनतात, थे गाडी इकून टाक. आमाले नाही पायजे." मी "बरं" म्हणालो, आणि फोन ठेवून गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. वर्षातून दोनदा ही गाडी आम्हाला एकमेकांच्या दारात नेऊन उभी करत होती. ती विकली की कोण कशाला येईल? नोकऱ्या, परीक्षा, दुखणी-खुपणी, कारणं काय कमी असतात. बहीण माझ्या हातून सुटत चाललीय, हे मला लख्ख दिसत होतं.

सरळ फोन करून "चुकलो" म्हणावं, एवढं साधं होतं. पण मला वाटत होतं की मी चुकलोच नाही, फक्त बोलायची वेळ चुकली. म्हणून मी गाडीच्या मागे लागलो. गळती बंद केली, गाडी ठणठणीत करून दारात नेली, की सगळं आपोआप सुरळीत होईल असं मी मनाशी घेतलं. ऑइल सील बदलले. बाजूचं कव्हर उघडून नवं पॅकिंग बसवलं. आठ दिवसांनी पुन्हा उघडलं, कारण पहिलं पॅकिंग माझ्याच घाईनं फाटलं होतं. मोबाइलवर व्हिडिओ लावायचो, पण सुरुवातीचं पाल्हाळ ऐकवायचं नाही म्हणून बोटानं पुढे ढकलायचो, आणि माणूस पाना हातात घेतो तिथून बघायचो. दर चार-सहा दिवसांनी सकाळी उठून पट्टी बघायचो, तेल कमी. ओतायचो. संध्याकाळी टाइल्सवर डाग. मग भाटव्यांना मनातल्या मनात शिव्या. बायको म्हणाली, "तेल पाजून राह्यले का गाडी सुधरवून राह्यले?" मी तिच्यावरही खेकसलो.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात बायकोला बडनेऱ्याच्या स्टेशनवर सोडून मी परत आलो. गाडी लावतो न लावतो तोच इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदर पाइपातून तेल टपटपायला लागलं. संतापानं मी लगेच पट्टी उपसली. एरवी मी ती कधीच गरम इंजिनात बघत नसे, सकाळी थंड गाडीत बघायची हीच माझी रीत. पट्टी वरच्या खुणेच्या बोटभर वर माखलेली होती. पुसून पुन्हा घातली, तेच. सकाळी मी हीच पट्टी खालच्या खुणेखाली पाहिली होती, आणि त्यानंतर पाव लिटरच ओतलं होतं.

इंजिन इतकं तापलं होतं की हात लावता येईना. नाइलाजानं पायरीवर बसलो आणि मोबाइलवर तो व्हिडिओ पहिल्यापासून लावला. सुरुवातीलाच तो माणूस सांगत होता: या जुन्या इंजिनात तेल एका कप्प्यात असतं. गाडी दिवसचे दिवस उभी राहिली की ते झिरपून खाली उतरतं आणि पट्टीवर कमी दिसतं. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं की पंप ते परत कप्प्यात आणतो, तेव्हा खरं माप कळतं. थंड गाडीत बघून ओतलं तर तेल जास्त होतं आणि मिळेल त्या वाटेनं बाहेर येतं.

म्हणजे गाडीत काही बिघाड नव्हता. भाटव्यांनी गाडी बरोबर आणली होती. पाऊण लिटर मी ओतलं, डाग मी पाडला, आणि फाशी मात्र संन्याशाला दिली. मला माझीच शरम वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत.

जास्तीचं तेल काढून टाकलं आणि भाऊबीजेला सकाळी निघालो. आधी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून पट्टी बघितली. ती पाच मिनिटं मी अंगणात येरझाऱ्या घालून काढली. तेल बरोबर होतं. एक थेंब ओतला नाही.

अकोल्याला भाटवे अंगणातच होते. त्यांनी माझ्याकडे पाहायच्या आधी इंजिनखाली पाहिलं. खाली कोरडं होतं. मी हेल्मेटही न काढता सगळं घडाघडा सांगून टाकलं.

"मायीत हाये मले," ते म्हणाले.

"कवापासून?"

"पयल्या वर्षापासून. तू दर भाऊबीजेले जास्तीचं भरून आनतं. मी दुसऱ्या दिवशी काढून ठेवतो. घरातले सारे कडी-कोयंडे त्याच तेलावर चालू हायेत."

"मंग सांगतलं काहून नाही मले?"

"सांगतलं ना राज्या. पयल्याच भाऊबीजेले सांगतलं, गाडी पाच मिनिटं चालू दे, मंग पट्टी पाह्य. तू हो-हो मनलं आन पाना आनाले पयाला."

मला ते आठवेना. खूप ताण देऊनही आठवेना, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

"आन आखाजीले? तवा तं बोलाचं होतं."

"घरभर लोकं जेवाले बसले होते. तुया घरी तुलेच खोटं पाडू काय?"

"चुकलं माह्यं, भाटवे," मी म्हणालो. म्हटल्याबरोबर छातीवरचा दगड उतरला, आणि आता चहा होईल, गाडी विकायची गोष्ट निघून जाईल, असं वाटलं. पण भाटव्यांनी मान हलवली.

"मले काय सांगतं? मी त्याच दिवशी विसरलो. गाडी इकाचं मी तिच्यासाठीच मनलं, म्हटलं झगडाच नको. तिले सांग. थे मूर्तिजापूर येईपर्यंत रडत होती बसमधी."

ताईनं पाट मांडला होता. ती ताट घेऊन आली तशी मी बसल्याजागी सांगायला लागलो: थंड इंजिन, पट्टी, झिरपलेलं तेल. ती निरांजनाच्या ज्योतीभोवती हात धरून उभी होती. माझं सगळं सांगून झाल्यावर ती बोलली.

"तेलाचं मले काही समजत नाही. जेवत्या मानसाले बोल्ला तू, माह्या मानसाले, माह्या माहेरात, सारे पाहत असताना. हे समजते मले. मी कोठी तोंड लपवाचं होतं, सांग? पुन्हा असं बोल्ला तं आखाजीले गाडी येईल, मी येनार नाही."

ती बोलत होती तोवर मी पाटावर एका जागी बसून सगळं ऐकून घेतलं. मग तिनं कुंकू लावलं. तिचा अंगठा कपाळावर दरवर्षीपेक्षा जोरात टेकला होता, आणि ती तो उचलेपर्यंत मी मान हलवली नाही.